हौ म्हणायची खोड

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, कापायचं टेबल आणि खिळ्यांवर टांगलेल्या गिऱ्हाइकांच्या पिशव्या. हाताला सफाई आहे असं लोक म्हणतात, पण वेळेच्या बाबतीत माझी पार बदनामी झालेली होती. कोणी विचारलं, "दीदी, शुक्रवार को पक्का ना?" की मी म्हणायची, "हौ, पक्का." आणि शुक्रवारी तीच बाई दारात दिसली की मी टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकायची. कुणाचं काय कधी द्यायचं ते सगळं डोक्यात ठेवायची. डोक्यात मावणार तरी किती?

दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत ही खोड अंगाशी आली. जवळच्या हट्टा गावच्या एका नवरीचं ब्लाउज माझ्याकडे होतं. लग्न संध्याकाळचं. त्या दिवशी सकाळी तिच्या मावशीचा फोन आला, "ब्लाउज घ्यायले कोणाले पाठवू?" मी पिशवी उघडली. आतल्या कापडाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"अजून शिवलं नाही," मी म्हणाले. "पण दुपारपर्यंत मी स्वतः घेऊन येते." खोटं बोलले नाही, एवढंच माझं त्या दिवशीचं पुण्य.

माझ्याकडे हूक-काज करायला एक बाई येते. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तेव्हाच तिला माझ्याकडे अकरा वर्षं झाली होती. त्या दिवशी तिनं अस्तर जोडलं, मी बाह्या लावल्या. नवऱ्यानं मोटरसायकल काढली आणि मी हूक लावायचं राहिलेलं ब्लाउज आणि सुई-दोरा घेऊन मागे बसले.

लग्नघरी मला एका खोलीत बसवलं. बायका येता-जाता माझ्याकडे बघत होत्या. शेवटचा हूक लावत होते तेव्हा नवरीचे वडील चहा घेऊन आले. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत मशिनी दुरुस्त करून रिटायर झालेले, उंच, शांत माणूस. आता हे चांगलेच झाडणार म्हणून मी मान खाली घातली.

"चहा घे बाई, थंडा होऊन राह्यला," ते म्हणाले.

"काका, माझी चूक झाली. लिहून ठेवायले पाहिजे होतं."

त्यांनी खिशातून पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यावर तीनच कामं होती. मंडपवाल्याशी बोलणे. भावाले स्टेशनवरून आणणे. पोरीजवळ थोडा वेळ बसणे.

"लग्नाच्या दिवशी तीनच कामं?" मी विचारलं.

"कामं शंभर आहेत. पण ही तीन मीच करायची. बाकीची ज्याले देल्ली, तो करते. खाणीत असतानाची सवय आहे."

त्यांनी पुठ्ठा उलटा केला. मागे आचारी, शेजारी, कोणकोण लिहिलेलं. "दिवसभर ज्याच्यामुळे माझं काम झालं, त्याले संध्याकाळी सांगून टाकतो. नाहीतर राहून जाते." बोलता बोलता त्यांनी पेन काढलं आणि खाली लिहिलं, ब्लाउजवाली बाई.

"काका, मी तर उशीर केला!"

"फोन बंद करून बसता आलं असतं तुले. तू आली ना?"

मग ते उठले. त्यांना पोरीजवळ बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तीन कामं लिहिली. त्यातली दोन झाली. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "काल तुम्ही हट्ट्याले नेलं, म्हणून लाज वाचली माझी." त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "काहून? तब्येत ठीक आहे ना?"

मग हूक-काजवाल्या बाईची पाळी. अकरा वर्षांत तिला कामं सांगितली होती, आभार कधी मानले नव्हते. शेवटी म्हटलं, "तू नसती तर काल काही खरं नव्हतं. कालच नाही, रोजच."

ती आधी हसली. मग हातातलं ब्लाउज खाली ठेवून म्हणाली, "ताई, आता निघालीच गोष्ट तर एक बोलू? कामं जास्त नाहीत. तुम्ही सगळ्याले हौ म्हणता. आणि कटिंग एकट्याच करता."

"मग कोण करणार?"

"मले येते ना कटिंग. पोरींचे कपडे मीच कापतो घरी. तुमाले पाहू पाहू शिकली."

"मग इतक्या वर्षांत बोलली काहून नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही."

मी खडू आणि कैची तिच्या हातात दिली. तिनं एक साधं ब्लाउज कापलं. बाहीच्या मुंढ्याचा काप माझ्यापेक्षा नीट.

त्या आठवड्यापासून दिवसाला जेवढं होईल तेवढंच घ्यायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. पहिल्यांदा नाही म्हणताना माझी जीभ अडखळली. शेजारच्या गल्लीतली बाई आश्चर्यानं म्हणाली, "दीदी, आप मना कर रही हैं?" रागावून दुसरीकडे गेली. महिनाभरानं परत आली आणि मुकाट्यानं मंगळवारची तारीख घेऊन गेली. अजूनही कधी तीनातलं एक काम राहतं. आभाराचं तर तीन-तीन दिवस विसरते, मग एकदम चार जणांना गाठते.

यंदाच्या लग्नसराईत बिरसा गावची एक नवरी आईला घेऊन आली. तयार ब्लाउज आरशात बघून आई खूश झाली. "गळा काय सुंदर कापला तुम्ही!" मी हसून मान डोलावणारच होते, तेवढ्यात सावरले आणि मागच्या मशीनकडे बोट दाखवलं, "मी नाही, तिनं."

आमची बाई लाजली, पण लगेच मापाची टेप गळ्यात अडकवून पुढे आली. त्या आईला म्हणाली, "बसा ताई, तुमचंही माप घेऊन टाकतो. पण मिळेल पुढच्या बुधवारी, त्याच्या आधी नाही."