दाजींचा अर्धा सिनेमा

लग्न होऊन मी खर्डीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारचा एक उंच, काटकुळा माणूस ओट्यावर आला. दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "बांध." खांद्यावर काथ्याची दोरी. मी घाबरून सासूकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बांध गो. नायतर जायचा नाय तो." मी कल्याणची. गाठी मारायचा माझा अनुभव परकराच्या नाडीपुरता. तरी दातओठ खाऊन बांधली. चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते, तर दोरी गुंडाळून सुपाशेजारी ठेवलेली. "राग चांगला हाय तुजा," ते म्हणाले, "पन रागाची गाठ लवकर सुटते."

हे आमचे दाजी; सारा गाव त्यांना दाजीच म्हणायचा. भाताच्या गिरणीवर कामाला असायचे, घरची थोडी शेती होती, आणि जत्रांचे दिवस आले की दोरी खांद्यावर टाकून शहापूर-मुरबाड पालथं घालायचे. डोळखांबच्या पाड्यांपासून म्हसा गावच्या जत्रेपर्यंत सगळीकडे त्यांना ओळख. "या, बांधा!" अशी हाक द्यायची, लोकांनी हौसेनं करकचून बांधायचं आणि दाजींनी हसत हसत सुटायचं. भाताचे भारे बांधणारे हात ते, सोपी गोष्ट नव्हती. "शेतकऱ्याची गाठ घट्ट, पन सरळ," दाजी सांगायचे. "दुकानदाराची सैल, पन वाकडी. गाठ सोडायची नसते गो सुमन. गाठीला कंटाळा आनायचा असतो. ती आपली आपन ढिली पडते."

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं एका सिनेमामुळे. तरुणपणी मुरबाडकडच्या कुठल्याशा जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला गेले. तंबूवाल्याच्या डब्यांची अदलाबदल झालेली. तमाशाचा सिनेमा म्हणून तिकिटं फाडली आणि पडद्यावर उमटला इंग्रजी! कुठल्याशा नामांकित जादूगाराचं चरित्र. साखळदंडातून, तुरुंगातून, बर्फाच्या नदीतून सुटून येणारा माणूस. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, शिव्या घातल्या आणि अर्धं उठून गेलं. दाजी मात्र खिळून बसले. शेवटी त्या जादूगाराला काचेच्या टाकीत उलटा टांगून वरून कुलूप घातलं, आणि नेमकी तेवढ्यात देवाची पालखी आली. पालखी दारावरून जाताना यंत्र चालवायचं नाही, हा तिथला नेम. तंबूवाल्यानं यंत्र बंद केलं. उरलेली माणसं पालखीमागे गेली, ती परत आलीच नाहीत. एकट्या दाजींसाठी कोण लावतो सिनेमा? त्यानं पडदा गुंडाळला.

म्हणजे दाजींचा जादूगार टाकीतच राहिला. पण दाजींना शंका नव्हती. "निघाला असंल. तो काय रड्या व्हता?"

आमच्या ओट्यावर दिवेलागणीला ते हा सिनेमा सांगायचे. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे काही अडत नसे. त्यांची अमेरिका माहुलीच्या डोंगरामागे होती. तिथे धुकं तानसा तलावाच्या पाण्यावरून यायचं. जादूगाराची आई चुलीवर नाचणीची भाकरी थापायची आणि "बाळा, दोरीला पाय लावू नको" म्हणायची. बर्फाखालून पोहत जाताना त्याला वर, बर्फाच्या पलीकडे, आईचा कंदील हलताना दिसायचा. सांगता सांगता दाजींचा आवाज इतका हळू व्हायचा की समोरची शेतं, डोंगर, गोठ्यातलं रवंथ, सगळं त्या बर्फाखाली गेल्यासारखं वाटायचं. मी कितीदा हातातली भाजी तशीच ठेवून बसलेय. आणि शेवटी तो टाकीतून निघायचा, निथळत, केस मागे सारत, आणि टाळ्यांचा नुसता पाऊस! दाजींच्या सिनेमात तो दर वेळी निघायचा.

फक्त यमुनाकाकी, म्हणजे दाजींची बायको, तेवढं ऐकायला थांबत नसे. टाकी आली की काकी उठली. कारण त्या टाकीवरूनच नवराबायकोचं जन्माचं भांडण होतं.

झालं होतं असं. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. दाजींनी शहापुरातून लोखंडी टाकी बनवून आणली. म्हशाच्या जत्रेत ती पाण्यानं भरायची, हातपाय बांधून आत उतरायचं, वरून झाकणाला कुलूप. गावोगाव सांगून झालं होतं. जायच्या दिवशी बैलगाडी दारात, आणि टाकी उचलायला माणसं बघतात तर टाकीत काकी! कपाळभर कुंकू लावून मांडी घालून बसलेली. "आधी मला बांधा, कुलूप लावा, मग तुमी जा." दाजींनी समजावलं, आरडाओरडा केला, हातसुद्धा जोडले. काकी ढिम्म. अख्खा गाव जमला, हसून हसून लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. संध्याकाळी गाडी रिकामीच परत गेली. पुढे टाकीत गुरांना पाणी ठेवायला लागले.

दाजींनी तिला कधी मारलं नाही, टाकून बोलले नाहीत. पण गुरं पाणी प्यायला लागली की म्हणायचे, "प्या रे बाबांनो. यात माजं नाव बुडालंय." पाहुणे आले की, "हिनं अडवलं नसतं तर म्हशात आज माज्या नावाची शपथ घेतली असती लोकांनी. त्यानं करून दाखवलं, मीबी दाखवलं असतं." काकी भांडी आपटायची. एकदा मला म्हणाली, "त्यो मेला गोरा सवत होऊन बसलाय माजी."

मागच्या वर्षी दाजींना दम लागायला लागला. गिरणीत जन्मभर खाल्लेला कोंडा छातीत बसला होता. ओट्यापर्यंत येताना दोनदा टेकायचे. दोऱ्या खुंटीला गेल्या. एक दिवस मला म्हणाले, "सुमन, तुज्या मोबाईलमदी जगातलं समदं मिळतं म्हनं. माजा सिनेमा मिळंल का गो? तेवढी टाकी बघितली असती. निघाला ते बघायचंय. मग जायला मोकळा."

माझ्या मुलानं शोधून दिला. जुना, पण रंग अजून झकास. आदल्या दुपारी मी एकटीनं बघून घेतला. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, पण शेवट कळायला इंग्रजी लागत नाही. जादूगार टाकीतून निघत नाही. काच फोडून त्याला बाहेर काढतात, आणि तो बायकोच्या मांडीवर जीव सोडतो.

मी मोबाईल पालथा ठेवला. म्हणजे काकीचं खरं होतं! एवढी वर्षं ऐकून घेतलं बिचारीनं, आणि खरं तिचंच होतं. पण त्या छातीचा भाता झालेल्या माणसाला हे दाखवायचं कसं? तशीच उठून काकीकडे गेले. "काकी, मी शेवट बघितलाय..." तिनं ओल्या हातानं माझं तोंड दाबलं. "बोलू नको. मला आयकायचं नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या टीव्हीवर सिनेमा लावला. दाजी धुतलेला सदरा घालून आले. काकी पहिल्यांदाच बघायला आलेली, दाराशी बसली. बघता बघता दाजी पडद्यावरच्या माणसांनाच सुधारत होते. "ही आई न्हवं. आई जाड व्हती." बर्फ आला तेव्हा पुढे सरकले, त्यांचे ओठ हलत होते. बाहेर ऊन होतं, पण खोलीत कुणीतरी निळं पाणी सोडल्यासारखं वाटत होतं. दाजी एकदम तरुण दिसत होते.

मग टाकी आली. पाय जखडले, उलटा टांगला, पाण्यात सोडला, वरून कुलूप. मी रिमोट हातात घट्ट धरून बसले होते. बंद करू की चालू ठेवू? देवा, सुचव काहीतरी!

काकी उठली. पदर खोचून भिंतीजवळ गेली आणि टीव्हीचं बटण खटकन बंद केलं.

"लाइट गेली," ती म्हणाली.

वर पंखा गरागरा फिरत होता. दाजींनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काकीकडे पाहिलं.

"हां," ते म्हणाले, "गेली खरी. या गावाचं असंच."

मी रिमोट खाली ठेवला.

"निघाला असंल," दाजी उठता उठता म्हणाले. काकीनं त्यांच्या काखेत हात घातला. "तू त्या दिवशी अडवलं नसतंस, तर मीबी निघालो असतो."

"व्हय," काकी म्हणाली. "माजीच चूक. चला, हळू."

मार्गशीर्षात दाजी गेले. झोपेतच. काकी रडली नाही. आल्यागेल्याला चहा, नातवंडांना जेवण, सगळं यंत्रासारखं. बायका म्हणायच्या, हिला कुणीतरी रडवा गो, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. तेरावं झालं, माणसं पांगली, तेव्हा ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. समोर कापलेली शेतं, उन्हाचा कवडसा पायरीवर. मग म्हणाली, "सुमन, आता सांग. निघाला का गो त्यो?"

"तेव्हा का नाही ऐकलंत काकी?"

"कसं आयकू? निघाला असता तर माजं मन मोडलं असतं. मेला असता तर यांचं. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे लाइट गेलेली."

मी तिचा हात धरला. "नाही निघाला, काकी. टाकीतच गेला."

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"मंजी... मी जगवलं व्हतं गो यांना," ती म्हणाली. "एवढी वर्सं, मी जगवलं व्हतं." आणि मग तिथेच, पायरीवर, यमुनाकाकीनं मोठ्यानं हंबरडा फोडला. मी तिला रडू दिलं.