मीटर रूममधलं पाणी

माझा नवरा वीज कंपनीत मोठ्या जागेवर आहे असं आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणांना वाटतं. तो दुरुस्तीच्या गाडीवर असतो. कुठे केबल जळाली, सबस्टेशन बंद पडलं, की ती गाडी निघते. पण हे लोकांना समजावण्यात अर्थ नाही. लग्न होऊन मी कांदिवलीत आले तेव्हापासून लाईट गेली की सगळे आमच्याच दाराशी येतात. बेल बंद असते, म्हणून दार ठोकतात.

त्या मे महिन्यात समुद्रात चक्रीवादळ उठलं आणि किनारा धरून वर सरकायला लागलं. आदल्या संध्याकाळीच नवऱ्याला फोन आला, सगळ्यांच्या रजा रद्द. त्याने कपड्यांचे दोन जोड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले, डबा घेतला आणि निघाला. फोन लागला नाही तर घाबरू नकोस, एवढंच म्हणाला. सासूबाईंचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. वादळ आधी आमच्या गावावरून, वेंगुर्ल्याकडून गेलं होतं आणि गावी धाकट्या दिराचा फोन दुपारपासून लागत नव्हता. त्या मोबाईल कानाला धरून बसल्या होत्या. "कौलां ऱवली काय उडाली, तेवढा तरी कळांदे," असं मधूनमधून म्हणत होत्या, मला नाही, फोनलाच.

मी बोरिवलीला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायच्या काउंटरवर काम करते. दुसऱ्या दिवशी लॅब बंद ठेवल्याचा मेसेज आला आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. वाटलं, दुपारी जरा पडेन. पण सकाळपासूनच वारा असा सुटला की बेडरूमची सरकती खिडकी चौकटीत थडथडायला लागली. मी फटीत जुने टॉवेल ठोसले. ते भिजले की पिळायचे आणि परत ठोसायचे, यातच सकाळ गेली. गल्लीच्या तोंडाशी एक मोठा पर्जन्यवृक्ष होता, तो आडवा पडला. मागच्या नाल्याला भरतीचं पाणी उलटं भरलं आणि आमच्या कंपाउंडमध्ये शिरलं. थोड्या वेळाने पंखा बंद पडला.

दार ठोकायला पहिले आले ते सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ. लाईट कधी येणार, साहेबांना जरा विचारा, म्हणाले. मी म्हटलं, तो कामावर आहे, विचारते. मग दुसऱ्या मजल्यावरची बाई आली, तिला टाकीत पाणी चढवायची काळजी होती. मग आणखी दोघं. मी सगळ्यांना तेच सांगत होते आणि नवऱ्याला फोन मात्र करत नव्हते. तो कुठेतरी पावसात उभा असेल, त्याला कशाला फोन करायचा.

नंतर चौथ्या मजल्यावरचे काका आले. काकूंची फुप्फुसं खराब झाल्यापासून घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. ते चोवीस तास घरघरत असायचं, जिन्यात ऐकू यायचं. लाईट गेल्यावर त्यांनी काकूंना छोट्या सिलिंडरवर ठेवलं होतं आणि तो काही फार वेळ पुरणारा नव्हता. काकांनी नवऱ्याचं नावही काढलं नाही. नुसते दारात उभे राहिले, मग चौकटीला हात लावून म्हणाले की काय करावं ते सुचत नाहीये.

तेव्हा मी फोन केला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा आधी वाऱ्याचाच आवाज आला.

"आपल्याकडची लाईट गेलीय," मी म्हटलं. "काकूंचं मशीन बंद आहे."

तो म्हणाला, "गेली नाहीये. नाला भरल्याचं कळल्यावर मीच ऑफिसला सांगून बंद करायला लावली. आपल्या गल्लीतल्या सगळ्या मीटर रूममध्ये पाणी आहे. चालू ठेवली तर कुणीतरी चिकटेल."

कधी सुरू होईल विचारलं, तर म्हणाला, पाणी उतरल्यावर, खोली कोरडी झाल्यावर. आधी हॉस्पिटलं, मग पाण्याचे पंप, मग बाकीचे. तो स्वतः एका हॉस्पिटलच्या लाईनवर अडकला होता. "काकूंना हलवा," तो म्हणाला. "माझी वाट बघू नका. मी येऊ शकत नाही."

फोन ठेवला तेव्हा काका माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरीही पुन्हा वर आले होते. खोटं बोलणं सोपं होतं, फॉल्ट आहे म्हटलं असतं की झालं. पण डोक्यात एवढा शीण होता की खोटं रचायचंही त्राण नव्हतं. नवऱ्यानेच बंद करायला लावली, मी सांगितलं, आणि का तेही. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. घरचा माणूस असून आपल्याच बिल्डिंगला असं केलं, असं ते म्हणाले. मोठ्याने नाही, पण मला ऐकू जाईल इतपत. सासूबाई आतून बाहेर आल्या. फोन अजून हातातच होता.

"माझो झील तिकडे भिजता हा," त्या म्हणाल्या, "आणि तुमका हयसर उकाडता."

काका हळूच म्हणाले की बरोबर आहे त्याचं, चला, हिला नेऊ या.

अॅम्ब्युलन्स मिळायला फार त्रास झाला नाही, पण ती गल्लीत येणार नव्हती. झाड आडवं होतं. फायर ब्रिगेडची माणसं दुसरीकडे गुंतली होती आणि झाडं तोडणारी पालिकेची माणसं कधी येतील ते कोणी सांगत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, पेशंटला मेन रोडवर आणा. मग काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार पुरुषांनी जिन्याने उतरवलं. त्यात सेक्रेटरीही होते, हे सांगायला हवं. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवून दम खात होते. मी सिलिंडर धरून बाजूने चालत होते, नळी ताणली जाऊ नये म्हणून अगदी चिकटून. खाली पाणी गुडघ्यापर्यंत होतं, काळं, त्यात कोणाची तरी कुंडी तरंगत होती. कोणीतरी काकूंच्या डोक्यावरून टेबलाचं मेणकापड धरलं होतं.

गेटपाशी काकूंनी मास्क जरा बाजूला केला आणि मला म्हणाल्या, "माझ्या चपला राहिल्या गं."

मी म्हटलं, आणते नंतर. त्यांनी मान हलवली आणि मास्क परत लावला.

झाडाशी पोचल्यावर खुर्ची उचलून पार करता येईना. फांद्यांमधून वाट नव्हती. शेवटी पलीकडच्या बिल्डिंगच्या वॉचमनने आपलं गेट उघडलं आणि आम्ही त्यांच्या कंपाउंडमधून, गाड्यांच्या मधून, मागच्या बाजूने मेन रोडवर आलो. ड्रायव्हर स्ट्रेचर काढून भिजत उभा होता. काका आत चढले आणि मीही चढले.

पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये लाईट होती. कॅज्युअल्टीत खिडक्यांपासून लांब म्हणून सगळे बेड एका भिंतीला सरकवले होते, त्यामुळे चालायला जागा नव्हती. तिथली सिस्टर सकाळपासून उभी असावी. काकूंना ऑक्सिजन लावून झाल्यावर ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची आणि कोणी हाक मारली की उघडायची. आम्हाला काही विचारायचं होतं, पण तिला हाक मारायला जीव होईना. काकूंच्या ओठांचा रंग परतला तसे काका स्टुलावर बसले. मला घरी जा म्हणाले. मी चालतच आले. रिक्षा नव्हत्या.

कंपाउंडमध्ये ओहोटीबरोबर पाणी उतरलं होतं, पण मीटर रूमची पायरी खाली असल्यामुळे तिथलं तसंच होतं. पालिकेचे पंप सबवेवर लावलेले, इकडे कोण पाठवणार. सेक्रेटरींनीच बादल्या गोळा केल्या होत्या. मी साडीचा ओचा खोचून त्यांच्यात उभी राहिले. ज्या बायकांशी माझं लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे काही नव्हतं, त्या ओळीने बादल्या पुढे देत होत्या. जुनी वर्तमानपत्रं, चादरी, जे मिळेल त्याने लाद्या पुसल्या. सासूबाईंनी त्यांच्या पेटीतलं एक धडसं लुगडं फाडून पाठवलं. त्यांना अजून गावची खबर नव्हती.

दुसऱ्या दिवशी कंपनीची दोन माणसं येऊन सगळं तपासून गेली. त्यात माझा नवरा नव्हता. संध्याकाळी लाईट आली. सोसायटीच्या ग्रुपवर एका पक्षाच्या कार्यकर्त्याचे जाहीर आभार मानलेले होते, त्याने खूप पाठपुरावा केला म्हणून. खाली हात जोडलेली बरीच चित्रं होती. मी तो फोन पालथा ठेवून भात लावला. त्याच वेळी दिराचा फोन आला. पडवीवरची कौलं गेली होती, माणसं बरी होती. सासूबाई "बरा झाला" म्हणाल्या आणि देवापुढे न जाता सरळ आडव्या झाल्या.

नवरा त्याच्या पुढच्या दिवशी, उजाडून ऊन वर आल्यावर आला. बूट पायातून निघेनात, मी ओढून काढले. पाय पांढरे पडून सुरकुतले होते, बोटांमध्ये कातडी सुटली होती. मी कोमट पाण्याने धुऊन पावडर लावली. त्याने काकूंचं विचारलं, मी सांगितलं. बिल्डिंगमधलं बाकी काही सांगितलं नाही. दोन घास खाऊन तो हॉलमध्ये सोफ्यावरच लवंडला.

थोड्या वेळाने सेक्रेटरी आले. बी विंगमध्ये एक फेज सारखी जातेय, साहेब आलेत असं कळलं, जरा बघतील का.

"तो झोपलाय," मी म्हटलं. "मी उठवणार नाही. कंपनीत तक्रार नोंदवा."

इतक्या वर्षांत मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, नवऱ्याचे ते पावडर लावलेले पाय त्यांना दिसले असतील. बरं, म्हणाले आणि गेले. राग आला असेल तर आला असेल.

दुपारी काका आले, हॉस्पिटलमधून कपडे न्यायला. काकूंना आणखी काही दिवस ठेवणार होते. पुढे त्या घरी आल्या, आता त्यांच्याकडे एक मोठा सिलिंडर कायम असतो. त्या दिवशी मात्र ते वर न जाता आमच्याकडे थांबले. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर काका खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, चष्मा नाकावर घसरलेला, हातात घराची किल्ली. समोर सोफ्यावर नवरा. मी चहा झाकून ठेवला आणि पलीकडे जमिनीवर, लादीच्या गारव्याला पाठ लावून, जरा पडले.