डावीकडचं स्टेरिंग
उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की रायपूरच्या तेलीबांध्यातलं जुन्या अमेरिकन गाड्यांचं प्रदर्शन आठवतं. भोपाळपासून तुटून आमचं राज्य नवं झालं होतं. सरकारी नोकरीतल्या बाबांना भोपाळला पाठवणार की रायपुरातच ठेवणार, कळत नव्हतं. तिथल्या दोन गाड्यांमध्ये ते नुसते येरझाऱ्या घालत होते. एक हँडल मारून सुरू होणारी, टांग्यासारखी उंच. दुसरी तिच्याहून तीसेक वर्षांनी धाकटी, लांबलचक, मागं माशासारखे पंख. “काहून फिरून राहिले? बसा न एकीत!” आई करवादली. बाबा पंखवालीत सवयीनं उजवीकडे बसले, तर समोर स्टेरिंगच नाही. उठून उंच गाडीत बसले. तिथंही तेच, स्टेरिंग डावीकडे. लोक हसले. बाबा म्हणाले, “आपलं स्टेरिंग आपल्या हाती कुठी आहे?” आता गाडी मी चालवते. बाबा डावीकडे बसतात, आणि घर येईस्तोवर पायानं नसलेला ब्रेक दाबत राहतात.