शेवाळाला लागलेलं कुंकू

युसूफ वडगाव या गावची मनिषा अंटार्क्टिकावर गेली, तीही शेवाळ खरडायला! गावात लोक हसले. हसा लेको! जिथं झाड नाही, कारखाना नाही, तिथल्या शेवाळात शिसं अन् पारा कुठून येतो, हे शोधायला गेलेल्या तुकडीत ती होती. साऱ्या जगाचा धूर वाऱ्यानं तिथवर जातो आणि ते शेवाळ हवेतलं सगळं अंगात साठवत बसतं. ऊसतोड्याची पोर हे शिकली, काही गंमत नाही.

पण सवय कुठं जाते? तिची आई भिवराबाई दरसाल पहिल्या उसाला हात घालण्याआधी कोयत्याला कुंकू लावायची. मनिषाच्या खिशात आईनं दिलेली डबी होतीच. तिनंही नमुने कापायच्या प्लास्टिकच्या चाकूला कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले, शेवाळ कापलं, पिशवी बंद केली. आणि मग आठवलं. बाजारच्या कुंकवात शिसं असू शकतं! जे शोधायला आलो, तेच आपल्या हातानं घातलं की काय!

तिनं तडक तुकडीच्या प्रमुखांना, त्रिंबक सरांना सांगितलं. सर आभाळाकडं बघत म्हणाले, "एवढ्याशा कुंकवानं काय होतंय? हेलिकॉप्टर निघायला झालंय. परत इथं यायला मिळणार नाही. राहू दे."

"न्हाई सर." हट्टाला पेटली की तिच्या तोंडी घरची बोली यायची. "ह्यो नमुना बाद. वरच्या अंगाला दुसरं शेवाळ हाय. मी जाते."

आणि गेली की बया! हात धुऊन, नवे हातमोजे, नवा चाकू घेऊन, तोंडावर बोचरा वारा झेलत. खाली हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला, तेव्हा ती नवी पिशवी उराशी धरून घसरत उतरत होती. सरांनी पुढं होऊन हात दिला.

तळावर पोचल्यावर तिनं आईला फोन लावला. भिवराबाई उसाच्या फडात होती. मनिषानं सगळं सांगितलं.

"कुंकू लावताना कुनी बघितलं व्हतं का?" आईनं विचारलं.

"कुनीच न्हाई."

"तरीबी सांगितलंस?"

"सांगितलं."

भिवराबाई फोन कानाला तसाच धरून फडातल्या बायांना ओरडून म्हणाली, "आगं ऐकलं का? कुनी बघत नव्हतं, तरी माझ्या लेकीनं खरं सांगितलं!"

तिकडं बर्फात मनिषाला हसू आणि रडू एकदमच आलं.