बद्द वाजणारी बांगडी

ती बांगडीवाली मला एकदाच भेटली, कामरगावला, जीप भरायची वाट पाहताना. माझी चार वर्षांची लेक तेव्हा माझ्या मनगटाला कडाडून चावली होती. हाक मारली की ढिम्म, हात धरला की किंचाळणं! घरचे म्हणायचे, जिद्दी आहे. सासूबाई मीठ-मिरच्या ओवाळून थकल्या होत्या. मी हात उगारला.

"मारू नको वं माय!" समोरून ती म्हणाली. मांडीवरच्या टोपलीतली एकेक बांगडी ती दुसरीवर वाजवून ऐकत होती आणि बद्द वाजणारी बाजूला ठेवत होती. चांगल्यातल्या दोन बांगड्या तिनं लेकीच्या मागून, उजव्या कानाशी हळूच वाजवल्या. लेक हललीसुद्धा नाही. मग डाव्या कानाशी तितक्याच हळू वाजवल्या. लेक गर्रकन वळली!

मी उगारलेला हात खाली घेतला.

"तडा डोयाले दिसत नाही, माय. वाजवून पाहा लागते. पण मी त बांगडीवाली. तिले कानाच्या डॉक्टरले दाखव."

कारंजाला उतरले ती बाजार विसरून थेट दवाखान्याकडे पळाले. बाईचं नाव विचारायचंही राहिलं. पायरीवर मी लेकीच्या डाव्या बाजूला वाकले आणि हळूच हाक मारली.

"काय?" ती म्हणाली.