ताट आधी, सुई मागून

आमच्या घरात नवसाचा उपास कुणाला सांगत नाहीत. सांगितला की फळत नाही, असं बायकोचं म्हणणं. तिच्या आईचंही तेच होतं. मला हे पटत नाही, पण मी शब्द दिला होता की तोंड उघडणार नाही. आणि दिलेला शब्द मी मोडत नाही, हे हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

बायकोला साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काळी पडत चालली, म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. अंगठा ठेवायचा की काढायचा, ते डॉक्टर ठरवणार होते. तिनं आपलं आधीच ठरवलं. अंगठा राहिला पाहिजे, त्यासाठी श्रावणातले सोमवार धरायचे.

वॉर्डातली सिस्टर तेलुगू होती, आमच्याशी हैदराबादी हिंदी बोलायची. मला तातय्या म्हणायची, म्हणजे आजोबा. तिची एक रीत होती. ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिनची सुई नाही. सुई भरली की दुसऱ्या सिस्टरला बोलवायची. दोघी मिळून आधी बाटली बघणार, मग सुईवरची मापाची रेघ बघणार, मग बायकोच्या मनगटावरची नावाची पट्टी. मी एकदा विचारलं, "एक दूसरे पे भरोसा नहीं क्या?"

"उसपे है, तातय्या. मेरे आँखों पे नहीं है."

मला ते आवडलं. मी जन्मभर नामपल्लीला पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त केल्या. चौथीतून शाळा सुटली, पण तार जोडल्यावर दुसऱ्याकडून तपासून घ्यायची अक्कल मला मार खाऊन आली होती.

ताटाची रीत कशासाठी, तेही तिनं सांगितलं होतं. "ये सुई शक्कर खींचती. पेट में खाना नहीं तो खून में जो है वोईच खींच लेती. फिर चक्कर, पसीना, आदमी बेहोश."

पंप कोरडा चालवला की जळतो. मला जास्त सांगावं लागलं नाही. बायको तेव्हा खिडकीकडे बघत होती.

सोमवारी सकाळी सिस्टरनं बोट टोचून साखर बघितली. एवढ्यात दारातून नवा पेशंट आला, त्याला धाप लागली होती, सगळ्या तिकडे धावल्या. नाश्ता वाटणारी बाई मात्र वेळेवर आली. इडली, चटणी. बायकोनं ताट घेतलं आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेकडे सरकवलं. ती पोरगी पहाटेच्या बसनं गावाकडून आली होती, उपाशी. तिनं ते बसल्या जागी संपवलं. बायकोच्या चेहऱ्यावर मोठं समाधान. उपासही झाला आणि अन्नदानही.

"सुई यायची आहे," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही मध्ये बोलू नका. शब्द दिलाय."

सिस्टर आली. रिकामं ताट बघून म्हणाली, "अम्मा, मेरेकू देर हो गई. खाना हुआ?"

उपासाच्या दिवशी खोटं बोलायचं नाही, म्हणून बायको बोललीच नाही. ताट उचलून दाखवलं, बस्स. दुसरी सिस्टर आली. बाटली झाली, रेघ झाली, मनगटाची पट्टी झाली. सगळं बरोबर होतं. सिस्टरनं पोटावर कापूस फिरवला.

मी उठून मध्ये उभा राहिलो. "सिस्टर, थाली खाली है, वो दिखा. खाते हुए कौन देखा?"

सुई पोटापासून दूर झाली. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "अम्मा, खाए क्या?"

शेजारची सून घाबरून उभी राहिली. "मेरेकू अम्माच दिए. परसाद है बोले."

"प्रसाद!" मी म्हणालो. "इडलीचा?"

"तुमचं तोंड कधी गप्प बसलंय!" बायको कडाडली. वॉर्डातल्या माना वळल्या. "उपास मोडलात तुम्ही माझा!"

"उपास हा शब्द तू काढलास. मी नाही."

हे खरं होतं आणि मी ते त्यानंतर पुष्कळदा सांगितलं आहे.

सिस्टर ओरडली नाही. भरलेली सुई तिनं डब्यात टाकून दिली आणि पुन्हा बोट टोचलं. साखर फार वर नव्हती. सुई गेली असती तर तासाभरात अम्मा हाताला लागली नसती, असं ती दुसरीला तेलुगूत म्हणाली. तेवढी तेलुगू मला येते. मग तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि परत येऊन बायकोच्या उशाशी बसली.

"अम्मा, उपास में क्या चलता?"

बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. उत्तर मी दिलं. दूध चालतं, केळं चालतं, शेंगदाणे चालतात. डॉक्टरांनी त्या हिशेबानं सुई कमी केली. खालून मी दूध-केळी आणली. सिस्टरनं ती बायकोच्या हातात दिली, पहिला घोट गिळलेला पाहिला, मगच सुई दिली.

"उपास रखो अम्मा, मैं मना नहीं कर रई. पन मेरेकू बोल के रखो. देवकू मैं नहीं बोलती."

वॉर्डात हसू पसरलं. बायको हसली नाही.

संध्याकाळी उपास सोडायचा होता. ताट आधी आलं. सिस्टर सुई घेऊन ताटाशी उभी राहिली. बायकोनं वरणभाताचा घास उचलला, तोंडाशी नेला आणि थांबून माझ्याकडे वळली.

"बघताय ना? नाहीतर पुन्हा विचाराल, खाताना कुणी पाहिलं."

"बघतोय," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी सिस्टर आत शिरताच बायको खाटेवरूनच म्हणाली, "आज सोमवार." अंगठा शेवटी राहिला. ती म्हणते सोमवारांनी राहिला. मी म्हणतो, सांगून केलेले सोमवार कसे फळले मग?