विहिरीसाठी मेंबर

माझा जन्म ब्रह्मदेशातल्या रंगूनचा, घरची भाषा तमिळ. डॉक्टरकीची परीक्षाही तिथंच दिली. पुढं तिथल्या सरकारनं आमच्यासारख्या भारतीयांची दुकानं ताब्यात घेतली, तेव्हा आम्ही बोटीनं मद्रासला उतरलो. नोकरी शोधत मी नगर जिल्ह्यात आले आणि सत्तर सालाच्या सुमारास शेवगाव तालुक्यातल्या एका गावात स्वतःचा दवाखाना थाटला. मराठी मी पेशंटांकडून शिकले. त्यामुळं नगरच्या कचेरीत माझं 'न्हाई', 'हुतं', 'लई' ऐकून कारकून आधी हसायचे, मग काम विचारायचे.

उन्हाळ्यात निम्मे पेशंट नारूचे. पायाला फोड येई, तो फुटून दोऱ्यासारखा जंत बाहेर निघे. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणात. मी काड्या गुंडाळत होते, पण दुखण्याचं मूळ गावच्या विहिरीत होतं. तिला पाण्यापर्यंत पायऱ्या होत्या. नारूचा पाय पाण्यात बुडे आणि तेच पाणी घागरींतून घरोघर जाई. पायऱ्या बुजवून वर रहाट बसवायला हवे होते.

मी सरपंचांकडं गेले. माणूस वाईट नव्हता. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमचं बरुबर हाय. पन ठराव मेंबरनं मांडावा लागतो. कुनी मांडंना."

दुसऱ्या दिवशी मी हे एका पेशंटला सांगितलं. शेतकऱ्याघरची बाई, दोन्ही पायांना नारू झाल्यामुळं ऐन कामाच्या दिवसांत घरी बसलेली.

"मग तुमीच व्हा की मेंबर," ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नाही.

मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरला. छाननीच्या वेळी कुणीतरी हरकत घेतली, बाई ब्रह्मदेशच्या आहेत म्हणून. अधिकाऱ्यानं मतदारयादी चाळली, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "नाव आहे. पुढचा अर्ज." एवढ्यावर मिटलं. कागद तपासणाऱ्या माणसापुढं मी रंगूनच्या धक्क्यावरही अशीच उभी राहिले होते.

प्रचार त्या बाईनंच केला, लंगडत, दारोदार. थोड्या मतांनी मी निवडून आले. ठराव मंजूर झाला, पायऱ्या बुजल्या, दोन रहाट बसले.

मग बायका चिडल्या. पायऱ्या उतरून घागर भरणं सोपं होतं. आता दोर ओढून हात सोलवटत होते, रांग लागत होती. माझा प्रचार करणारी बाई सर्वांसमोर म्हणाली, "आमचंच मत घिऊन आमच्याच हाताला फोड आनलं तुमी." त्यानंतर ती मला रस्त्यात टाळू लागली. मला आधी राग आला, मग रडू आलं.

एका सकाळी मी स्वतःची घागर घेऊन रांगेत उभी राहिले. चार घागरी ओढल्यावर कळलं की रहाट फार उंच बसवलेत; टाचा उचलून ओढावं लागत होतं. बायकांच्या उंचीचा विचार कुणीच केला नव्हता, मीसुद्धा. गवंडी बोलावून कठड्याला लागून ओटा बांधून घेतला. कुरकुर एकदम थांबली नाही, हळूहळू कमी झाली. नारूचे पेशंटही पुढच्या वर्षापासून घटत गेले.

बहात्तरच्या दुष्काळात गावातले लोक खडी फोडायला जाऊ लागले. एक दिवस तीच बाई दवाखान्यात आली. "कामावर प्यायला पानी न्हाई, मेंबर. चला नगरला." आम्ही एस.टी.नं गेलो, कचेरीत दिवसभर बसून राहिलो आणि टँकरचा हुकूम घेऊनच परतलो.

नंतर मी पंचायत समितीचा अर्ज भरला, तेव्हा माझं नाव सुचवणारी म्हणून तिनं अंगठा उठवला. त्या वेळी मी पडले. त्यापुढच्या वेळी निवडून आले.